खुर्ची गमावलेले प्राध्यापक

प्राध्यापकाची खुर्ची ही बाहेरून पाहणारास मोठी निर्धास्त जागा वाटते. व्यापाऱ्यास भावाची चिंता, वकिलास अशिलाची, राजकारणी पुरुषास मतदाराची. प्राध्यापकास मात्र खडू, फळा आणि ग्रंथालय एवढे लाभले की झाले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरातील वडीलमंडळी हुशार मुलास प्राध्यापकीची वाट दाखवितात ती याच समजुतीने. परंतु विसाव्या शतकात विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत तीन विषय असे शिरले की, ते शिकविणारांस ही निर्धास्ती फारशी वाट्यास आली नाही. कामगारांसंबंधीचा कायदा, मानवी हक्क, आणि ज्याला आपण पूर्वी राजस्व म्हणत असू व अलीकडे सार्वजनिक अर्थशास्त्र म्हणतो ते सरकारी जमाखर्चाचे शास्त्र, हे ते तीन विषय होत. आज या विषयांची अध्यासने मोठमोठ्या विद्यापीठांत आहेत, आणि तरुण पदवीधर त्यांत आपल्या आयुष्याचा मार्ग शोधतात. ज्यांच्या श्रमांवर ही अध्यासने उभी राहिली त्यांपैकी कित्येकांना मात्र स्वतःची खुर्ची, स्वतःचे गाव आणि स्वतःची भाषा यांस मुकावे लागले होते. अशा काही माणसांची हकीगत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

हकीगतीचा आरंभ जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी करावयास हवा. मायन नदीच्या काठची ही जुनी व्यापारी पेठ. तेथील विद्यापीठ राजाच्या कृपेने निघालेले नव्हे, तर शहरातील सधन नागरिकांच्या देणग्यांतून १९१४ साली उभे राहिलेले. याच शहरात ह्यूगो झिंट्सहायमर नावाचे एक यहुदी वकील विसाव्या शतकाच्या आरंभापासून वकिली करीत होते. त्यांचा जन्म १८७५ सालचा, वर्म्स येथला. कामगार संघटनांची कामे त्यांच्याकडे येत, आणि ही कामे चालविता चालविता एक कोडे त्यांच्या मनात घर करून बसले.

हे कोडे परक्या देशाचे म्हणून दुर्बोध वाटावयाचे कारण नाही. समजा, आपल्या गिरणगावातील एखाद्या गिरणीत मालक आणि मजूरसंघ यांच्यामध्ये करार झाला की, साचेखात्यात अमुक एक दर द्यावयाचा. दुसऱ्याच दिवशी कोकणातून नुकताच आलेला, दोन दिवसांचा उपाशी असा एखादा तरुण फाटकापाशी उभा राहतो. जॉबर त्याला सांगतो, दर कमी मिळेल, यावयाचे तर ये. तरुण होकार देतो. आता खरा करार कोणता? संघाशी झालेला, की या तरुणाशी झालेला? जुन्या दिवाणी कायद्याचे उत्तर सरळ होते. तरुण सज्ञान आहे, त्याने राजीखुशीने होकार दिला आहे, तेव्हा त्याचा करार पक्का. संघाने फार तर करार मोडल्याची तक्रार करीत बसावे. उपाशी माणसाच्या राजीखुशीला किती अर्थ असतो हा प्रश्न दिवाणी कायद्याच्या पुस्तकात येतच नव्हता.

झिंट्सहायमर यांनी १९०७ व १९०८ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कोड्याचा उलगडा केला. त्यांचे म्हणणे असे की, मालक व संघटना यांच्यातील सामुदायिक करार हा दोघा इसमांमधील सौद्यासारखा नसतो. तो एका छोट्या कायद्यासारखा असतो. तो एकदा झाला म्हणजे त्याच्या कक्षेतील प्रत्येक नोकरीच्या करारात तो आपोआप उतरला पाहिजे, आणि त्याहून कमी दराचा खासगी करार रद्दबातल ठरला पाहिजे. म्हणजे कायदा करण्याची सत्ता काही अंशी कामगार आणि मालक यांच्या संघटनांकडे आली. हा विचार त्या काळच्या विधिपंडितांना रुचला नाही यात नवल नाही. कायदा करणे हे सरकारचे काम, आणि करार हे व्यक्तीचे; या दोहोंच्या मधली जागा त्यांच्या नकाशातच नव्हती.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पाडाव झाला, कैसर पदच्युत होऊन हॉलंडात गेला, आणि डिसेंबर १९१८ मध्ये निघालेल्या एका हुकुमाने नेमकी हीच कल्पना देशाचा कायदा बनली. सामुदायिक करारापेक्षा कमी देणारी अट निरर्थक. अधिक देणारी असेल तर खुशाल चालावी. झिंट्सहायमर १९१९ च्या वायमार घटनासमितीचे सभासद झाले. कामगार-मंडळांना घटनेत स्थान देणारे १६५ वे कलम घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९२० साली फ्रांकफुर्ट विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमले, परंतु मानद! पूर्ण अध्यासन त्यांना मिळाले नाही. ज्या मनुष्याने विषय निर्माण केला त्याला विद्यापीठाने दिवाणखान्यात न बसविता ओसरीवर बसविले, असेच म्हणावयास हवे. त्यांनी मात्र ते मनास लावून घेतल्याचे दिसत नाही. वकिली चालू ठेवून ते शिकवीत राहिले, आणि १९२१ साली याच विद्यापीठाच्या आश्रयाने कामगारांसाठी जी श्रमविद्येची अकादमी निघाली तिच्या संस्थापकांतही ते होते. कारखान्यातून आलेली माणसे तेथे कायदा व अर्थशास्त्र शिकत.

त्यांच्या वर्गातून आणि वकिलीच्या कचेरीतून पुढे आलेली नावे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. नात्झी राज्याची चिरफाड करणारा प्रसिद्ध ग्रंथ १९४२ मध्ये लिहिणारे फ्रान्झ नॉयमान हे त्यांचे शिष्य. एकाच देशात कायद्याचे राज्य आणि मनमानीचे राज्य अशी दोन राज्ये शेजारी शेजारी कशी नांदतात हे १९४१ मध्ये दाखवून देणारे अर्न्स्ट फ्रेंकेल हेही त्यांचे शिष्य. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पुढे अमेरिकेत आचार्य ठरलेले हान्स मॉर्गेंथाउ यांनी तरुणपणी त्यांच्याच कचेरीत उमेदवारी केली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे चौथे शिष्य म्हणजे ओटो कान-फ्रॉइंड.

कान-फ्रॉइंड हे १९०० साली फ्रांकफुर्टातच जन्मले. जर्मनीत १९२६ च्या कायद्याने कामगार न्यायालये स्थापन झाली होती. त्यांपैकी बर्लिनच्या न्यायालयात ते १९२९ च्या सुमारास न्यायाधीश झाले. न्यायाधीश असतानाच १९३१ साली त्यांनी एक निबंध लिहून आपल्या वरिष्ठ न्यायालयावर टीका केली. वरच्या न्यायालयाचे निकाल एकत्र वाचले तर त्यांतून कारखाना म्हणजे एक कुटुंब, मालक त्याचा कर्ता आणि कामगाराने त्याच्याशी निष्ठेने वागावे, असे एक चित्र उभे राहते. आणि हे चित्र इटलीतील फॅसिस्टांच्या चित्राशी जुळते, असा त्या निबंधाचा आशय होता. कनिष्ठ न्यायाधीशाने वरिष्ठांविषयी असे लिहावे ही गोष्ट त्यांच्या मित्रांनाही पेलली नाही. त्यांनी पाहिलेले पुढे लवकरच खरे ठरले. परंतु खरे ठरण्याचा आनंद मानावा अशी ती वेळ नव्हती.

यापुढील प्रसंग नभोवाणीवरून सांगताना थोडे निराळे वाटते, कारण तो नभोवाणीच्याच नोकरांचा आहे. जानेवारी १९३३ च्या अखेरीस हिटलर चॅन्सेलर झाला. थोड्याच दिवसांत बर्लिनच्या नभोवाणीतील काही नोकरांना ते कम्युनिस्ट आहेत असा ठपका ठेवून काढून टाकण्यात आले. ते कान-फ्रॉइंड यांच्या न्यायालयात आले. सत्तेवर कोण आहे, रस्त्यांवर कोणाचे संचलन चालले आहे, हे न्यायाधीशांस दिसत नव्हते असे नाही. पुरावा तपासून त्यांनी निकाल दिला की आरोप सिद्ध झालेला नाही, बडतर्फी बेकायदेशीर आहे. नोकरांच्या बाजूचा हा निकाल पुढे थोड्याच अवधीत निकाल देणाऱ्याच्या नोकरीवर येऊन बेतला. कान-फ्रॉइंड बडतर्फ झाले आणि इंग्लंडास निघून गेले.

७ एप्रिल १९३३ रोजी जो कायदा झाला त्याचे नाव वाचून आजही हसू आणि संताप एकदमच येतात. सरकारी सेवेची पूर्वस्थिती पुनः आणण्याचा कायदा, असे ते नाव! यहुदी वंशाच्या आणि राजकीयदृष्ट्या नावडत्या नोकरांना काढून टाकण्याची सोय त्यात होती, आणि जर्मनीत न्यायाधीश व प्राध्यापक हे दोघेही सरकारी नोकरच. एका कायद्याने न्यायालये आणि विद्यापीठे दोन्ही विरळ झाली. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. जानेवारी १९३४ च्या कायद्याने मालकाला कारखान्याचा पुढारी आणि कामगारांना त्याचे अनुयायी अशा पदव्या मिळाल्या. सामुदायिक करार संपला. फाटकापाशी उभा राहिलेला उपाशी तरुण पुनः एकटा पडला.

झिंट्सहायमर यांना १९३३ साली अटक झाली; सुटल्यावर ते देश सोडून हॉलंडात गेले. तेथील अॅमस्टरडॅम व लायडन विद्यापीठांत कायद्याचे समाजशास्त्र शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. साठीच्या घरात आलेल्या माणसाने नव्या देशात नव्या विषयाची मांडणी करावयाची, हे सोपे नसते. तथापि त्यांचे तिथले जे लिखाण मला सर्वांत हृद्य वाटते ते नव्या विषयावरचे नाही. १९३६ साली बर्लिनमध्ये कार्ल श्मिट या प्रख्यात विधिपंडिताने एक परिषद भरविली होती. तीत जर्मन विधिशास्त्रातून यहुदी प्रभाव झाडून टाकावा असा विचार झाला. याला उत्तर म्हणून झिंट्सहायमर यांनी १९३८ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी जर्मन विधिशास्त्रातील यहुदी आचार्यांची चरित्रे आणि कार्य एकामागून एक मांडले: लाबांड, येलिनेक, एर्लिख, आणि ज्यांच्या पावलावर पाऊल टाकून ते स्वतः चालले ते नोकरीच्या कराराचे पहिले मोठे अभ्यासक लोटमार. पुस्तकात शिवी नाही की आक्रोश नाही. ही माणसे काढून टाकलीत तर तुमच्या विद्येत शिल्लक काय राहते ते पाहा, एवढेच जणू ते सांगत आहे.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडात शिरल्या. पुढची वर्षे त्यांनी लपूनछपून, उपासमारीत काढली. मे १९४५ मध्ये हॉलंड मुक्त झाले, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, शरीर पार थकून गेल्यामुळे त्यांचा अंत झाला.

शिष्याचे नशीब थोडे बरे होते. लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयाचे, म्हणजे ज्याला आपण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स म्हणतो त्याचे, संचालक तेव्हा सर विल्यम बेव्हरिज होते. १९३३ च्या मे महिन्यात त्यांच्या पुढाकाराने हद्दपार विद्वानांना साहाय्य करणारे एक मंडळ स्थापन झाले. पदार्थविज्ञानवेत्ते लॉर्ड रदरफर्ड त्याचे अध्यक्ष झाले. विद्यालयातील अध्यापकांनी आपल्या पगारातून वर्गण्या काढल्या. या विद्यालयात काल न्यायासनावर असलेले कान-फ्रॉइंड विद्यार्थी म्हणून दाखल झाले. वय तिशीच्या पुढे. इंग्रजी कायदा जर्मन कायद्याहून मुळातच निराळा. एकाचे पंडित्य दुसऱ्यात कामाला येत नाही. डॉक्टरला दुसऱ्या गावी गेले तरी नाडी तीच असते, वकिलाचे तसे नाही. ते मुकाट्याने बाकावर बसले, परीक्षा दिल्या, १९३६ साली बॅरिस्टर झाले, आणि त्याच विद्यालयात शिकवू लागले. प्रोफेसर व्हावयास त्यांना १९५१ साल उजाडावे लागले. १९६४ मध्ये ते ऑक्सफर्डला तौलनिक कायद्याच्या अध्यासनावर गेले.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांच्या गुरूंनी करारास कायद्याचे बळ मिळावे म्हणून आयुष्य वेचले, त्या शिष्याला इंग्लंडात अगदी उलट स्थिती दिसली. इंग्लंडातील सामुदायिक करार न्यायालयात बजावताच येत नसत, आणि कामगार संघटनांनाही ते तसेच हवे होते. न्यायालयांनी त्यांना पूर्वी जे चटके दिले होते ते त्या विसरल्या नव्हत्या. कायद्याने दूर राहावे, आम्ही व मालक आमचे पाहून घेऊ, अशी त्यांची भूमिका. कान-फ्रॉइंड यांनी या पद्धतीला सामुदायिक स्वैरव्यवहार अशा अर्थाचे एक नाव १९५९ साली दिले आणि तिची तरफदारीही केली. गुरूंशी हा द्रोह झाला काय? मला तसे वाटत नाही. नोकरी देणारा आणि नोकरी करणारा यांची ताकद कधीच सारखी नसते, आणि कामगार-कायद्याचे मुख्य काम ही विषमता तोलून धरण्याचे आहे, हा विचार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही; तोलाचे वजन कोठे ठेवावयाचे एवढाच फरक. पुढे इंग्लंडात वारंवार संप होऊ लागले तेव्हा १९६५ साली नेमलेल्या डॉनव्हन आयोगाचे ते सभासद झाले. १९७१ साली सरकारने अमेरिकेच्या धर्तीवरचा कायदा आणून संघटनांना चौकटीत बसवू पाहिले; तो तीन वर्षांत गुंडाळावा लागला. एका देशाचा कायदा दुसऱ्या देशात रोवताना त्याच्या मुळाशी कोणते राजकारण चिकटलेले आहे हे पाहिले नाही तर रोप जगत नाही, असे ते त्या सुमारास सांगत होते. स्वतः मुळासकट उपटल्या गेलेल्या माणसाच्या तोंडी हे मत अधिकारवाणीचेच मानावयास हवे. १९७६ मध्ये ते सर झाले आणि १९७९ मध्ये वारले.

लंडनच्या या विद्यालयाचा उल्लेख आला की मराठी श्रोत्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, आणि ते अप्रस्तुतही नाही. आज ज्या तीन विषयांविषयी आपण बोलत आहोत ते तिन्ही त्यांच्या एकट्याच्या आयुष्यात एकत्र आलेले दिसतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे राजस्वाचे त्या काळचे अग्रगण्य आचार्य. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक जमाखर्चाच्या विकासावर त्यांनी कोलंबियासाठी लिहिलेला प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. मध्यवर्ती सरकारने प्रांतांना पैसे कसे वाटावे, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नामागे कर देणारा रयतच उभा असतो हे त्या पुस्तकाच्या पानापानांतून जाणवते. १९१८ साली ते मुंबईच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. मानवी हक्कांचे शास्त्र ज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही, अशांपैकी ते होते. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. संपाचा हक्क त्यामुळे आखडतो म्हणून त्यांनी कायदेमंडळात त्याला कसून विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपात ते पुढारी म्हणून रस्त्यावर उतरले. १९३५ पासून काही काळ ते सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉलही होते. प्रिन्सिपॉलची खुर्ची आणि कामगार मैदानातील सभा ही दोन्ही एका माणसाला साधावीत, असे आपल्याकडे क्वचितच घडले आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते.

रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनच्या विद्यालयात लिहून डॉ. आंबेडकर १९२३ साली मुंबईस परतले. त्याच साली त्याच विद्यालयात पूर्व युरोपातून एक तरुण दाखल झाला: हर्श लाउटरपाख्ट. त्यांचा जन्म १८९७ साली ल्वूफ शहराजवळच्या एका लहानशा गावी, यहुदी घरात. ल्वूफच्या विद्यापीठात ते कायदा शिकले. परंतु पहिल्या युद्धानंतर शहर पोलंडच्या हाती गेले आणि यहुद्यांना दारे बंद झाल्यामुळे शेवटची परीक्षा आपल्याला देता आली नाही, असे ते सांगत. तेथून ते व्हिएन्नास हान्स केल्सेन यांच्या हाताखाली गेले आणि मग लंडनला. ते प्रथम आले तेव्हा त्यांचे इंग्रजी ऐकणारास जेमतेमच कळे. १९३८ साली केंब्रिजमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर्वांत मानाचे अध्यासन त्यांना मिळाले.

त्यांनी जो प्रश्न घेतला तो विचारावयास साधा आहे. आंतरराष्ट्रीय कायदा हा राष्ट्राराष्ट्रांमधला कायदा. मग एखादे राष्ट्र आपल्याच नागरिकांना छळू लागले तर जगाने काय करावे? त्या वेळचे उत्तर होते: काही नाही. घरातले भांडण घरात. लाउटरपाख्ट म्हणाले की, कायद्याचा शेवटचा धनी राष्ट्र नव्हे, मनुष्य आहे. युद्ध ऐन भरात असताना त्यांनी मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय सनदेचा मसुदा करावयास घेतला; त्याचे पुस्तक १९४५ साली निघाले. हे काम चालू असताना त्यांचे आईबाप आणि आप्तेष्ट ल्वूफ भागात जर्मन अमलाखाली अडकलेले होते, आणि त्यांच्याकडून पत्रे येईनाशी झाली होती.

२९ जुलै १९४५ रोजी अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन केंब्रिजला त्यांच्या घरी आले. नात्झी पुढाऱ्यांवर कोणते आरोप ठेवावयाचे याची चर्चा बागेत बसून झाली. मानवतेविरुद्ध गुन्हे हा शब्दप्रयोग आरोपांच्या यादीत घालावा, अशी सूचना लाउटरपाख्ट यांनी केली. दहा दिवसांनी, ८ ऑगस्ट रोजी, न्यूरेंबर्ग न्यायालयाची सनद तयार झाली तेव्हा तो शब्दप्रयोग तीत होता. नोव्हेंबरात खटला सुरू झाला. ब्रिटिश पथकाबरोबर ते न्यायालयात बसले. समोर आरोपींच्या पिंजऱ्यात हान्स फ्रांक होता, जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडचा गव्हर्नर-जनरल. आपल्या घरच्यांचे काय झाले हे लाउटरपाख्ट यांना त्या दिवशीही निश्चित कळलेले नव्हते. पुढे कळले ते एवढेच की, इंका नावाची एक भाची तेवढी वाचली आहे.

इतके झाल्यावर १९४८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला तेव्हा ते हर्षित झाले असतील असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. जाहीरनामा कोणालाच बांधून घेत नाही, त्याच्यामागे न्यायालय नाही, मग तो कसला कायदा, असा त्यांचा आक्षेप होता. वकिलाच्या नात्याने तो आक्षेप बरोबरच होता. परंतु शब्दांना स्वतःचेही काही बळ असते हे त्यांनी थोडे कमी लेखले, असे माझे मत आहे. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात मूळ मसुद्याप्रमाणे सर्व पुरुष असा अर्थ होणारा इंग्रजी शब्द होता. समितीवरील भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता, ज्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनातून पुढे आलेल्या होत्या, त्यांनी आग्रह धरून तेथे सर्व माणसे हा अर्थ आणविला. त्या एका शब्दासाठी कोणतेही न्यायालय लागले नाही. लाउटरपाख्ट १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर न्यायाधीश म्हणून रुजू झाले आणि १९६० साली निवर्तले.

तिसऱ्या विषयाकडे वळताना पुनः फ्रांकफुर्टच्या परिसरात यावे लागते. शहरापासून जवळच टाउनस डोंगरात क्योनिगश्टाइन नावाचे गाव आहे. तेथे १९१० साली रिचर्ड मसग्रेव्ह जन्मले. म्युनिच आणि हायडेलबर्ग येथे त्यांचे शिक्षण झाले, आणि १९३३ साली शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत रॉचेस्टर येथे गेले. परतण्यासारखा देश मागे उरला नाही. हार्वर्डला १९३७ मध्ये ते डॉक्टर झाले. अमेरिकेतील अर्थशास्त्र्यांना बाजार म्हणजे काय हे उत्तम कळत होते. सरकारी खर्च ही त्यांच्या लेखी बाजाराच्या व्यवहारातील एक कटकट होती. जर्मन परंपरेत वाढलेल्या मसग्रेव्ह यांना राज्य ही समाजाच्या सामाईक गरजा भागविणारी संस्था म्हणून शिकविण्यात आले होते. हे दोन्ही संस्कार एका डोक्यात एकत्र आले.

त्याचे फळ म्हणजे १९५९ चा त्यांचा मोठा ग्रंथ. त्यात त्यांनी सरकारच्या अर्थखात्याची तीन कल्पित शाखांत वाटणी केली. पहिलीने ज्या गोष्टी बाजार पुरवीत नाही त्या पुरवावयाच्या, दुसरीने गरीब-श्रीमंतांमधली वाटणी पाहावयाची, आणि तिसरीने बेकारी व महागाई आटोक्यात ठेवावयाची. प्रत्येक शाखेच्या कारभाऱ्याने बाकीचे दोघे आपापले काम नीट करीत आहेत असे धरून चालावे. प्रत्यक्षात ते करीत नाहीत हे सांगावयास नकोच! तथापि अंदाजपत्रकावर भांडताना आपण नक्की कशावर भांडत आहो हे ओळखण्यास या वाटणीचा फार उपयोग होतो. काही गरजा अशा असतात की, लोक आपण होऊन त्यांवर पुरेसा पैसा खर्च करीत नाहीत, पण समाजाला त्या भागवाव्याशा वाटतात. शाळेतील मुलांचे जेवण, गरिबांसाठी स्वस्त घरे, मोफत शिक्षण. अशा गरजांनाही त्यांनी शास्त्रात जागा करून दिली. याच्या आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांनी अॅलन पीकॉक यांच्यासह युरोपातील जुन्या राजस्वशास्त्र्यांच्या जर्मन, इटालियन व इतर भाषांतील लेखांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. निर्वासिताने घर सोडताना ट्रंकेत काय भरावे? मसग्रेव्ह यांनी बहुधा पुस्तके भरली असावीत.

त्या संग्रहातील विक्सेल या स्वीडिश अर्थशास्त्र्याच्या लेखाचे भाषांतर जेम्स ब्युकॅनन नावाच्या एका तरुण अमेरिकनाने केले होते. ब्युकॅनन पुढे मसग्रेव्ह यांचे मोठे प्रतिपक्षी झाले. सरकारी माणसेही स्वार्थीच असतात, तेव्हा त्यांच्या हाती तिजोरी देताना घटनेने त्यांचे हात बांधावे, हे त्यांचे मत; १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मार्च १९९८ मध्ये या दोघांना म्युनिच येथे समोरासमोर बसवून कित्येक दिवस वाद घडवून आणण्यात आला, आणि तो पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाला. मसग्रेव्ह तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. ज्या शहरात ते विद्यार्थी म्हणून शिकले होते, आणि ज्या शहरात त्याच काळात हिटलरचा पक्ष वाढत होता, तेथेच ते राज्यसंस्थेची बाजू घेऊन बोलले: राज्य सत्तेच्या मदाने काय करू शकते हे मी पाहिले आहे, परंतु म्हणून राज्याला सामाईक हिताचे काम करताच येत नाही असे मी मानणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ब्युकॅनन यांना ते पटले नाही. मसग्रेव्ह त्यानंतर नऊ वर्षांनी, २००७ साली वारले, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.